ठमीला साखर चालत नाही!
माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर... आमच्याकडे चहूबाजूंनी साखर कारखाने. आणि आमची ठमी बर्फीकडे ढुंकूनही बघत नाही! नखरा नाही हो. मांजरांना गोड चव कळतच नाही. त्या चवीचं जनुकच निकामी असतं, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं.

ठमी मूळची इंदापूरची, उजनीच्या चिलापीवर पोसलेली. आजोबा गेल्यावर आजीला बारामतीच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा आजीची एकच अट होती : ठमी येणार. आता रोज पहाटे पाचला ठमी आजीच्या तोंडावरून पंजा फिरवते. मी जागा असलो तरी मला भाव नाही. आजी गुडघे धरत उठते, करवादते, ‘‘मेले, दम धर की!’’ दिवसभरात ती मोठ्यानं बोलते ते एवढंच. म्हणून रात्री ठमीची वाटी आम्ही मुद्दाम रिकामी ठेवतो.