नॉमिनी म्हणजे संतरी
बाबांच्या ठेवींवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, “पैसे तुझेच. जमिनीसाठी तेवढं ताईकडून हक्कसोडपत्र घे.”

कोतावर उभ्या संतरीच्या ताब्यात रायफली असतात, मालकी नसते. नॉमिनी तसाच. बँक त्याच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते, हक्क वारसांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच सांगितलं.

ठेवी आणि जमीन, सगळं बाबांच्या कमाईचं. मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, ताई, मी, तिघांचा सारखा वाटा. रजा संपायच्या आत तलाठ्याकडे तिघांच्या नावे वारस नोंदीचा अर्ज दिला. काका अजून बोलत नाहीत.

पलटणीत जवानांना आता सांगतो: नॉमिनीचा फॉर्म भरलात, उत्तम. मृत्युपत्रही लिहा.