आत्या, आपले पाटील कोणते?

आत्या,

बाबांकडे दिलेला तुझा निरोप पोचला. "कनाला रं पोरा, मेलेल्यांचे मागं लागलास?" फोनवर याचं उत्तर देण्यात अर्थ नाही. मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच तू "जेवलास का?" विचारणार. म्हणून लिहितोय. नातीकडून वाचून घे.

मागच्या हळदीत डीजे जरा थांबला आणि आपली मंडळी सुरू झाली, आठवतं? एकाने सांगितलं, दि. बा. पाटील आपल्याच भावकीतले. लगेच दुसऱ्याने चरीच्या संपाचे नारायण नागू पाटील आपल्या घराण्यात आणून बसवले. 1933 साली खोतांविरुद्ध शेतं ओस टाकायला लावणारा माणूस. तो आपला असावा असं कुणाला वाटणार नाही? तू मात्र पदराआड हसत होतीस. तेव्हाच मला कळलं की तुला काहीतरी ठाऊक आहे आणि तू सांगत नाहीयेस. ही तुझी जुनी खोड.

घराणं शोधायचं तर गोखले, बापट, कर्वे यांचं बरं आहे. गोत्र, मूळ गाव, शाखा, उपशाखा. जाडजूड कुलवृत्तांत छापून मोकळे. आपण काय छापणार? पाटीलकी हे गावचं काम. ज्या घराकडे ती होती, ते घर पाटील. त्यामुळे ठाणे-रायगडात गावागणिक पाटील, आणि शेजारच्या दोन गावांतल्या पाटलांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलांचं पद गेलं, आडनाव तेवढं राहिलं. नुसत्या आडनावाच्या मागे लागलो असतो तर पार कोल्हापूर-जळगावपर्यंत भटकलो असतो.

म्हणून कागदांकडे वळलो. जुने कागद कल्याण तालुक्याच्या नावाचे, त्यातले कितीतरी मोडीत. वाचून घेतले तर त्यात आडनावच नाही! अमका बिन तमका, एवढंच. मग फेरफार काढले. एका फेरफारात मागच्याचा नंबर, तो काढला की त्याच्याही मागचा. असं करत पणजोबांच्या बापापर्यंत पोचलो. गंमत सांगू? मिशांना पीळ देणारे आपण पाटील, पण खालच्या भाताच्या खाचरांवर आपली नोंद कूळ म्हणून! 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर ती जमीन आपल्या नावावर झाली. हळदीत हे कुणी सांगितलं नाही.

आपल्या पालेगावात आता घराण्याचा इतिहास कोण शोधतं, माहीत आहे? बिल्डरचा वकील. अंबरनाथ पूर्वेला टॉवर उभे राहू लागले तशी प्रत्येक घरात वंशावळ निघाली. तीस वर्षांचा सर्च, पेपरात जाहीर नोटीस, वारस कोण, मयत कोण, कुणाची सही राहिली. जे चुलते एकमेकांच्या दारी जात नव्हते, ते एकाच प्रतिज्ञापत्रावर शेजारी-शेजारी बसले. इतकी नाती आपण गणपतीतही जुळवली नसतील. पण वकिलाची वंशावळ जमिनीच्या बांधापर्यंतच जाते. ज्याच्या वाट्याला जमीन नाही, तो त्याच्या लेखी जन्मलाच नाही.

तुझ्याकडचा हिशेब वेगळा. वरच्या आळीतले पाटील आपले का, असं मी विचारलं तेव्हा तू एका वाक्यात निकाल दिलास: त्यांचं सुतक आपल्याला लागत नाही. झालं! कल्याणच्या कागदांत महिनोन् महिने डोकं घालून जे मिळालं नाही, ते तू भाकरी थापता थापता सांगितलंस. कुणाच्या दहाव्याला आपण बसतो, कुणाच्या घरात आपल्या मुली दिल्या, देवाचे टाक कुठल्या घरी आहेत, चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पालखीला कोण कुणाबरोबर जातं. एवढं कळलं की माणूस कुणाचा ते कळतं. तुझं हे ज्ञान कुठल्याच नमुन्यात भरलेलं नाही.

आणि तूही नाहीस. रागावू नकोस, पण हे मला बोलायचंच होतं. आजोबा गेल्यावरच्या नोंदीत बाबा एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. आजी आणि तू 'इतर हक्का'च्या रकान्यात. त्यानंतरच्या उताऱ्यात तुझ्या नावाला कंस पडलाय, शेजारी फेरफाराचा नंबर. हक्कसोडपत्र. मी त्याची नक्कल मागवली. मुद्रांक 200 रुपयांचा. मागच्या पानावर अंगठ्याशेजारी तुझा तो छोटा फोटो: डोक्यावर पदर, कपाळावर घाम, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघतात तशी तू बघतच नाहीस. तू डावीकडे बघतेयस. तिथे बाबा उभे असणार.

का केलीस सही? 2005 च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला होता, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगूनही तू सही केलीस? माहेर तुटेल म्हणून? भाऊबीजेला बाबा साडी घेऊन येतात, ती तू कपाटात घडी न मोडता ठेवतेस, हे मला तुझ्या सुनेने सांगितलंय. बाबांना मी विचारलं. ते म्हणाले, "तिला काय कमी आहे?" मग उठून गुरांना बघायला गेले. आपल्याकडे गुरं उरलीत कुठे, आत्या?

तरी तुझे उपकार किती म्हणून सांगू. आई आजारी होती त्या वर्षी मी तुझ्याच घरी राहून शाळेत गेलो. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी पुढ्यात ठेवून तू मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचीस. त्यातला एकही माणूस सातबारावर सापडला नाही. मागे लागायला मला शिकवलं कुणी?

आता कामाचं. वंशावळीचा मोठा कागद केलाय. तुझं नाव बाबांच्या रांगेत, त्याच मापाच्या अक्षरात. तुझ्या दोन्ही मुली, त्यांची मुलंही. चुलत्यांनी नाक मुरडलं, मुरडू दे. पण वर एक चौकट रिकामी आहे. आजीचं नाव सगळीकडे सासरचं. तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं? माहेर कुठलं? बाबा म्हणतात मलंगगडाच्या पायथ्याचं एक गाव, चुलते म्हणतात पनवेलकडचं. तिच्या आईचं नाव तर कुणालाच येत नाही. तुला येतं, मला पक्कं माहीत आहे. रविवारी सकाळी येतोय. या वेळी "जाऊ दे रं" म्हणालीस तर संध्याकाळपर्यंत उठणार नाही, आणि जेवणारही तुझ्याकडेच.

तुझाच,
पोरा