ग्लासगो व्हाया भुशी

शनिवारी सकाळची लोकल पकडायची, खिडकी पटकवायची आणि कामशेत सोडलं की भातखाचरं बघत गप्प बसायचं. आपला ठरलेला वीकएण्ड! लोणावळ्यात उतरून चहा, मग भुशी. रेल्वेनं बांधलेलं छोटंसं धरण, पायऱ्यांवरून धावणारं पाणी, भाजलेली कणसं आणि पायाखाली चिप्सची रिकामी पाकिटं. ३० जून २०२४ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हापासून मी पायऱ्यांच्या पुढे जात नाही.

नोव्हेंबर २०२१मध्ये आपले तेव्हाचे पर्यावरणमंत्री ग्लासगोच्या हवामान परिषदेला गेले होते, राज्याला पुरस्कारही मिळाला. साहेबलोकांनी जावं की! माझ्या टीडीएसमधून गेले तरी चालेल. कुरकुर वेगळीच आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा केंद्रानं मार्च २०१४मध्ये काढला आणि सहावा काढला ३१ जुलै २०२४ला. म्हणजे भुशीनंतर बरोबर महिन्यानं. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. मधल्या दहा वर्षांत डोंगरांवर काय काय उगवलं, ते टायगर पॉइंटच्या रस्त्यानं एकदा जाऊन बघा.

पुढची परिषद भुशीच्या पायऱ्यांवर घ्या ना, साहेब. लोकलचं तिकीट मी काढतो.