पुढच्या वर्षी नक्की

आमच्या मागच्या अंगणाला छातीइतक्या उंचीचं लाकडी कुंपण आहे. कुंपणापलीकडे एक आजोबा राहतात. सत्तरीला टेकलेले, एकटेच. आमची मुलं त्यांना ‘कुंपणवाले आजोबा’ म्हणतात. मराठीतून म्हणतात, त्यामुळे बिचाऱ्यांना याचा पत्ता नाही.

दर ऑक्टोबरमध्ये एखाद्या शनिवारी ते कुंपणाच्या त्यांच्या बाजूला आणि मी माझ्या बाजूला असे उभे राहतो. त्यांच्या हातात बिअर, माझ्या हातात चहा. विषय एकच. पुढच्या वर्षी सेंट किल्डाचं काय होणार?

आता हे सेंट किल्डा म्हणजे काय ते सांगायला हवं. मेलबर्नमध्ये ‘फुटी’ नावाचा धर्म आहे. कागदोपत्री नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आपल्याला बॉक्सिंग डे टेस्टमुळे माहीत असलेल्या एमसीजीसारख्या क्रिकेटच्या मैदानांवर हिवाळ्यात हा खेळ चालतो. एका बाजूला १८ खेळाडू, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथ मारून चेंडू घातला की गोल, ६ गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी १ गुण, त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. थोडक्यात, उत्तर चुकलं तरी एक मार्क देणाऱ्या प्रेमळ मास्तरांचा खेळ. मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ग्रँड फायनल.

आणि सेंट किल्डा म्हणजे या वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा. क्लब १८७३ चा. लीग १८९७ साली सुरू झाली आणि यांनी पहिले ४८ सामने ओळीने हरून दाखवले. पहिला विजय १९०० साली, तोही बरोबरीत सुटलेल्या सामन्यावर तक्रार करून मिळवलेला! शेवटच्या नंबराला इथे ‘लाकडी चमचा’ म्हणतात. यांच्याकडे असे २७ चमचे आहेत, दुसऱ्या कुठल्याही क्लबपेक्षा जास्त. आणि विजेतेपद? २०२५ च्या मोसमापर्यंत एकच. १९६६ साली, कॉलिंगवूडविरुद्ध, ७४-७३. म्हणजे एका गुणाने. आणि तो विजयी गुण म्हणजे एक बिहाइंड, नेम चुकलेला! आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर एमसीजीवर त्या लाखभर लोकांत उभे होते. पुढच्या वर्षी परत येऊ असं वडील म्हणाले होते म्हणे.

तर अशा क्लबच्या नादी मी कसा लागलो? डेटा बघून! २००९ साली मी साताऱ्याहून व्हाया पुणे मेलबर्नला आलो. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात प्रत्येकाने विचारलं, “तुझी टीम कुठली?” टीम नाही म्हटलं की लोक असे बघायचे, जणू मी आडनाव नाही म्हणालो. मग मी इंजिनियरला शोभेल असं केलं. पॉइंट्स टेबल उघडलं आणि सगळ्यात वर असलेली टीम घेतली. सेंट किल्डाने त्या वर्षी पहिले १९ सामने ओळीने जिंकले होते. ग्रँड फायनलमध्ये जीलाँगने १२ गुणांनी हरवलं. मी म्हटलं ठीक आहे, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी, म्हणजे २५ सप्टेंबर २०१० ला, पुन्हा ग्रँड फायनल. समोर पुन्हा कॉलिंगवूड. शेवटची दोनेक मिनिटं, आम्ही एका गुणाने मागे. लेनी हेसने लांबून लाथ मारली, चेंडू रिकाम्या गोलच्या तोंडाशी पडला आणि स्टीव्हन मिल्न त्याच्यामागे धावला. चेंडू गोल असता तर सरळ त्याच्या हातात आला असता. पण तो लंबगोल. उडाला आणि भलतीकडे वळून बाजूच्या फटीतून गेला. एक गुण. ६८-६८. सामना बरोबरीत!

तीनच दिवसांपूर्वी अनंत चतुर्दशी झाली होती. मी बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग आता परत खेळवणार का?” खरंच परत खेळवला, पुढच्या शनिवारी. आम्ही ५६ गुणांनी हरलो. (पुढे २०१६ मध्ये त्यांनी हा फेरसामन्याचा नियमच काढून टाकला. आमचं काम झाल्यावर.)

त्या फोनवर बाबांनी आणखी एक विचारलं होतं. “गणपतीला नाही आलास यंदा.” मी म्हणालो, “बाबा, नवीन नोकरी आहे. पुढच्या वर्षी नक्की.”

असो. तर कुंपणावरची चर्चा. माझी बाजू नेहमी एक्सेलची असते. सरासरी वय किती, किती जखमी, दोन गोलांच्या आतले किती सामने हरलो, ड्राफ्टमध्ये कितवा नंबर. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. साधारण नियम असा की जो तळाला त्याला पहिली निवड. म्हणजे चमच्याची भरपाई. आजोबा माझं सगळं ऐकून घेतात आणि मग एखादं नाव घेतात. “२०१३. तिसरी निवड आमची. आम्ही जॅक बिलिंग्स घेतला. चौथी निवड बुलडॉग्जची. त्यांनी बोन्टेम्पेली घेतला.” बस. एवढंच. २०१६ मध्ये बुलडॉग्ज सातव्या नंबरावरून येऊन विजेते झाले आणि बोन्टेम्पेली पुढे त्यांचा कर्णधार झाला, हे सांगायची गरज नसते.

“२०१४. शेवटचे आलो, पहिली निवड आमची. पॅडी मॅकार्टिन. दुसरी मेलबर्नची, पेट्राका.” बिचाऱ्या मॅकार्टिनला डोक्याला पुन्हापुन्हा मार बसला आणि २०१९ नंतर तो आमच्याकडे राहिला नाही. पेट्राका २०२१ च्या ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मेलबर्नने ५७ वर्षांनी विजेतेपद घेतलं. आता सांगा, कुठल्या एक्सेलमध्ये हे बसवणार?

पण गंमत अशी, की एवढं सगळं माहीत असणारा हा माणूस दर ऑक्टोबरला आशावादी असतो. “रिचमंड २०१६ ला तेरावे होते, २०१७ ला जिंकले. कॉलिंगवूड २०२१ ला सतरावे, २०२३ ला जिंकले. मग आपण का नाही?” मी म्हणतो, आजोबा, (म्हणजे मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनात आजोबाच) तुम्ही दोन वर आलेले सांगताय, तेरावे येऊन चौदावे झालेले किती ते पण सांगा. ते म्हणतात, “ते आम्हीच होतो. त्यांचं काय सांगायचं?” :)

२०२५ चा ऑक्टोबर जरा वेगळा होता. आम्ही बारावे आलो होतो. त्याच्या आदल्या वर्षीही बारावेच. पण या वेळी क्लबने खिसा उघडला. कार्लटनमधून टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वानी, गोल्ड कोस्टहून सॅम फ्लँडर्स, वेस्ट कोस्टहून लिअम रायन. शिवाय ज्याच्यासाठी सगळे क्लब टपून बसले होते तो आमचा नसाया वाँगनीन-मिलेरा कुठे न जाता आमच्याकडेच राहिला. मी म्हटलं, पहिल्या आठात येऊ. आजोबा म्हणाले, चारात. मग मी म्हटलं, चार बाहेरची माणसं एकदम आणली की टीम जुळायला वेळ लागतो, आमच्या प्रोजेक्टवर बघतो ना मी. ते म्हणाले, “तू लवकर उठून जातोस हा तुझा प्रॉब्लेम आहे.”

हा टोमणा होता. आणि तो मला लागायलाच हवा होता, कारण जुलैमध्ये झालं ते असं.

मेलबर्नविरुद्ध सामना होता, आम्ही दोघं बरोबर गेलो होतो. तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही ४६ गुणांनी मागे. मी हिशेब केला. एवढ्या पिछाडीवरून शेवटच्या क्वार्टरमध्ये या लीगच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कुणीच जिंकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा, माझी सकाळची मीटिंग. मी म्हटलं, चला, गर्दीच्या आधी ट्रेन मिळेल. आजोबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, “मी १९६६ पासून थांबलोय. अजून अर्ध्या तासाने काय होतंय?”

मी निघालो. ट्रेनमध्ये बसून बाबांना फोन लावला. इकडे संध्याकाळ, तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ. बाबांनी विचारलं, “यंदा गणपतीला जमेल का रे?” गणपती ऑगस्टच्या शेवटी होते आणि त्याच आठवड्यात आमचा रिलीज. मी म्हणालो, “यंदा अवघड आहे बाबा. पुढच्या वर्षी नक्की.” बाबा म्हणाले, “बरं.”

फोन ठेवला आणि समोरच्या सीटवरचा एक पोरगा मोबाइल बघून किंचाळला. वाँगनीन-मिलेराने भोंगा वाजल्यावर गोल मारला होता. आम्ही ६ गुणांनी जिंकलो होतो. शेवटच्या क्वार्टरमधलं लीगच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पुनरागमन, आणि मी ट्रेनमध्ये! माझ्याकडे तिकीट होतं, जागा होती, टीमही माझीच होती. फक्त मी तिथे नव्हतो.

गणपती झाल्यावर बाबांचा फोन आला. अगदी सहज आवाजात म्हणाले, “पुढच्या वर्षीपासून गणपती धाकट्या काकाकडे कराडला बसवायचा ठरवतोय. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. मूर्ती आणायची, मखर बांधायचं, एकट्याने होत नाही.” तक्रार नव्हती. माझं नावही घेतलं नाही. पाच दिवसांचा तो गणपती आमच्या घरात आजोबांच्या आधीपासून आहे. माझे खरे आजोबा, कुंपणवाले नव्हेत.

त्या दिवशी कुंपणाशी उभं राहून आजोबांशी टीमबद्दल बोलताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं. बोलता बोलता ते आत गेले आणि मोबाइल घेऊन आले. क्लबच्या सदस्यत्वाचे पैसे भरायचे होते आणि त्यांना ते बटण सापडत नव्हतं. मी भरून दिले. मग सहज विचारलं, कधी चुकलंय का हे? म्हणाले, “नाही.” २०२० साली तर मेलबर्नमध्ये घराबाहेर पडायची बंदी होती, सामने क्वीन्सलंडला हलवले होते, यांना एकही सामना मैदानावर बघता आला नाही. पण यांनी पैसे परत मागितले नाहीत. मी विचारलं, का? ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी मूर्खासारखं काही विचारलंय. “पुढच्या वर्षी जिंकणार म्हणतो ना मी? मग पैसे नकोत भरायला?”

मी घरात आलो आणि चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघं एकच वाक्य बोलतो. पुढच्या वर्षी. पण ते म्हणतात तेव्हा त्याच दिवशी पैसे भरतात, मार्चमध्ये जागेवर जाऊन बसतात आणि ४६ ने मागे असताना तिथेच बसून राहतात. मी म्हणतो आणि फोन ठेवतो. माझ्या ‘नक्की’चा मला आजवर एक रुपयाही खर्च आला नव्हता. आमच्या ऑफिसात कुणी तारीख न देता ‘लवकरच करतो’ म्हटलं तर मीच त्याला फाडून खातो. आणि घरी सोळा वर्षं मी तेच करत होतो. गणपतीला मी एकदाच गेलो, २०१४ ला, तेसुद्धा दीड दिवस.

बायकोशी बोललो. ती म्हणाली, “मला काय विचारतोस, साइट उघड.” २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. चौघांची तिकिटं काढली, ११ ला निघायचं, २८ ला परत. सप्टेंबरमधली मुलांची शाळा थोडी बुडणार. बुडू दे. मग बाबांना फोन केला.

“बाबा, काकाला सांगा, २०२६ चा गणपती आपल्याच घरी. मूर्ती मी आणतो.”

बाबा थोडं थांबले. मग म्हणाले, “तिकीट काढलंस, की काढणार आहेस?”

हे त्यांनी विचारावं याचं वाईट वाटलं. पण विचारणं बरोबर होतं.

“काढलंय.”

“चार दिवस आधी ये मग,” बाबा म्हणाले. “माळ्यावरचं मखर काढावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन आजोबांना तारखा सांगितल्या. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. ग्रँड फायनल सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे २६ ला. मी तेव्हा साताऱ्यात. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“मग तर आपण जिंकतोच,” ते म्हणाले. “तू लवकर निघालास की आपण जिंकतो.”