झेंडू म्हणजे काय?

मुलांनो, फळ्यावर बाईंनी लिहिलं म्हणजे ते बरोबरच असतं, असं तुम्हांला वाटतं ना? मलाही तुमच्याएवढी असताना तसंच वाटायचं. आता मी स्वतःच बाई आहे, आणि माझ्याच फळ्यावरची एक चूक आज तुम्हांला सांगणार आहे.

जळकोट तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मी चौथीला शिकवते. दसरा नुकताच झाला होता. वर्गाच्या दारावरचं झेंडूचं तोरण सुकून चुरचुरीत झालं होतं. त्याच्याकडं बघूनच मला सुचलं, आणि मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडं फूल, दुसरीकडं त्याचा अर्थ. कमळ म्हणजे पावित्र्य. ते चिखलात उगवतं, पण पाकळीवर पाणीसुद्धा ठरू देत नाही. गुलाब म्हणजे प्रेम. जास्वंद गणपतीची, म्हणून भक्ती. पोरं भराभर सांगत होती, मी लिहीत होते.

"आता सांगा, झेंडू म्हणजे काय?"

"आनंद!" "सण!" "दसरा!" असा एकच गलका झाला. तेवढ्यात शेवटच्या ओळीतून आवाज आला, "नुसकान."

ती मुलगी वर्गात कधी बोलत नाही. तिचं नाव मी इथं सांगत नाही, तिला आवडायचं नाही. सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगू? मलाही हसू आलं. "अगं, फुलाचा अर्थ विचारलाय," असं म्हणून मी 'झेंडू'पुढं 'आनंद' लिहिलं आणि पुढं गेले. ती खाली बघत बसली. आठवड्याभरानं वर्गाच्या नोंदी लिहिताना तिच्या नावापुढं मी लिहिलं, 'तोंडी सहभाग नाही.'

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगला आहे. त्याचा लॅपटॉप ओसरीवर उघडला की गल्लीतली निम्मी पोरं गोळा. मी काही या खेळांची कैवारी नाही. धाडधाड गोळ्या झाडणारे गेम बघितले की माझं डोकंच उठतं. तसं मी त्याला बोललेही. तो म्हणाला, "मावशी, सगळेच गेम तसले नसतात. हा बघ, आपल्या पुण्यातल्या लोकांनी केलाय."

'राजी' नावाचा तो खेळ नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीनं २०२० साली काढला. राजी ही खेळ करून दाखवणारी, कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. मग ती त्याला शोधायला निघते. मला आवडलं ते वेगळंच. राजी चालता चालता जुन्या वाड्यांच्या भिंतींपाशी थांबते. भिंतीवर चित्रं असतात, आणि त्या चित्रांतून देवादिकांच्या गोष्टी उलगडतात. दुर्गा दिसली की आमची पोरं लगेच ओरडली, "दुर्गादेवी!" त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. घरच्या कॅलेंडरावर तिला रोज बघतात ना!

मला एकदम अजिंठा आठवलं. डी.एड.ला असताना आमची सहल गेली होती. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी आहे. पद्मपाणी म्हणजे ज्याच्या हातात कमळ आहे तो. पाचव्या शतकातलं हे चित्र. मान किंचित कललेली, डोळे खाली झुकलेले, आणि बोटांत ते कमळ इतकं अलगद धरलेलं की वाटावं, जोरात श्वास घेतला तरी पडेल. त्याच लेण्यात महाजनक राजाची गोष्ट रंगवली आहे. तिच्यात तोच राजा वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा दिसतो. इथं महालात बसलाय, तिथं हत्तीवरून निघालाय. खाली ना एक ओळ, ना एक अक्षर. आपणच चालत चालत गोष्ट जुळवायची. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे मावशी, तुमचा हा गेमच झाला की!" वात्रट आहे जरा.

मग त्यानं दुसरा खेळ लावला. नावच 'फ्लॉवर', म्हणजे फूल. अमेरिकेतल्या दॅटगेमकंपनीनं तो २००९ साली प्लेस्टेशनसाठी केला, आणि २०१९ पासून तो कॉम्प्युटरवरही खेळता येतो. तो रचणारे जेनोवा चेन मूळचे शांघायचे. एवढ्या मोठ्या शहरात वाढलेला माणूस कॅलिफोर्नियात गेला, तिथली लांबच लांब गवताची कुरणं बघितली आणि हरखून गेला. त्यातून हा खेळ आला. २०१३ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयानं तो चक्क आपल्या संग्रहात घेतला, चित्रं आणि मूर्ती घेतात तसा.

या खेळात माणूस नाही, राक्षस नाही, गुण नाहीत, हरणं नाही. एकही शब्द नाही. एका करड्या शहरातली एक खिडकी, खिडकीत कुंडी, कुंडीत एक मलूल फूल. त्या फुलाला स्वप्न पडतं, आणि आपण त्या स्वप्नात शिरतो. आपण कोण, तर वारा! एक पाकळी उचलायची आणि माळावरून उडवत न्यायची. ती दुसऱ्या कळीला शिवली की कळी टच्‌कन उमलते, एक सूर वाजतो, आणि तिचीही पाकळी आपल्या मागं उडू लागते. होता होता पाकळ्यांची एक लांब माळच होते. जिथून ती जाते तिथलं वाळलेलं गवत हिरवं होतं.

आम्ही बघत होतो, तेवढ्यात ती दारात आली. आईनं लक्ष्मीपूजनासाठी दुसऱ्या तोड्याची फुलं पाठवली होती. टोपलीभर झेंडू! पैसे विचारले तर मान हलवून नको म्हणाली. टोपली ठेवून जायला निघाली आणि पडद्याकडं बघून तशीच उभी राहिली. भाच्यानं जागा केली, तशी उंबऱ्यावर टेकली.

खेळ आता पुढं गेला होता. तिथं रात्र आहे. विजेचे लोखंडी मनोरे वाकडेतिकडे पडलेत, त्यांच्यातून ठिणग्या उडतात. पाकळ्या त्यांना लागल्या की करपतात. मघाशी दंगा करणारी पोरं गप्प झाली. एकानं विचारलं, "दादा, हे असं का झालं?" भाचा काही बोलायच्या आत ती बोलली.

"फुलं करपायलीत. आता कुणी न्यायला येत नाही. आमच्या बांधावर असंच झालतं."

मग ती बोलतच राहिली. पहिल्यांदाच! दसऱ्याला सगळ्यांचाच झेंडू एकदम बाजारात आला. अप्पा पहाटे टेम्पोत क्रेट भरून घेऊन गेले. भाव इतका पडला की तोडणीची मजुरीसुद्धा निघेना. संध्याकाळी उरलेला माल परत आणला आणि बांधावर ओतला. "पिवळा ढीग होता बाई, माझ्या खांद्याएवढा. दोन दिवसांनी काळा पडला. अप्पा तिकडं बघतच नव्हते." जरा थांबून ती म्हणाली, "दारात मात्र आमच्या तोरण होतं. लई मोठं."

मी टोपलीतल्या फुलांकडं बघत बसले. शेवटच्या ओळीतलं ते 'नुसकान' मला आता कुठं ऐकू आलं होतं.

सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर परत ते दोन रकाने आखले आणि वर्गाला सांगितलं, "मागच्या वेळी बाई चुकल्या." 'झेंडू'पुढं 'आनंद' लिहिलं आणि त्याला लागून 'नुकसान' लिहिलं. कुणी हसलं नाही. उलट पोरांची जीभच सुटली. तुरीचं पिवळं फूल म्हणजे भीती, एक जण म्हणाला, कारण धुकं पडलं की फुलोरा गळतो. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी, म्हणून ते लबाड! पळस म्हणजे परीक्षा जवळ आली. हे तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. मीही माझी भर घातली. आपण ज्याला अगदी आपला समजतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथं नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला गेलेल्या माणसांची आठवण करतात आणि त्यांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती.

मग प्रत्येकाला एक कागद दिला. त्याच्या घड्या घालून सहा चौकोन करायचे आणि एका फुलाची गोष्ट काढायची. अट एकच, अक्षर एकही नाही. कागदावरचा गेमच म्हणा ना!

तिच्या पहिल्या चौकोनात रोप होतं. दुसऱ्यात पिवळं रान, तिसऱ्यात टेम्पो. चौथा सगळा काळा, पेन्सिल दाबून दाबून रंगवलेला, कागद फाटायला आलेला. पाचव्यात पाठमोरा माणूस. सहाव्यात वाळलेल्या ढिगातून एकच पाकळी निघाली होती, आणि तिच्या बुडाला एक काळी बारीक काडी.

"हे काय गं?"

"बी हाय बाई. झेंडूच्या पाकळीलाच बी असतं. तुम्हांला म्हाईत नाही?"

माहीत होतं. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो. आपण जिला पाकळी म्हणतो, तीसुद्धा एक फूलच. हे मी दरवर्षी शिकवते. पण त्या दिवशी मी म्हटलं, "नाही गं. दाखव बघू."

ती उठली, दारावरच्या वाळक्या तोरणातलं एक फूल तोडून आणलं आणि माझ्या टेबलावर चुरगाळलं. सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. संकरित झेंडूचं बी धरलं तर पुढचं फूल तसंच येईल याची खात्री नसते, असं तिचे अप्पा म्हणतात म्हणे. तरी तिनं एकेक काडी वेचली, वहीच्या कागदाची पुडी केली आणि दप्तरात ठेवली.