एकोणीस माणसे आणि एक बोट

आम्हां परभणीकरांना पाणी ठाऊक ते गंगाखेडच्या गोदावरीचे. आई तिला गंगाच म्हणते. तिच्या 82व्या वर्षी आम्ही 19 जणांनी मुंबईहून गोव्यापर्यंत बोटीने जाण्याचा घाट घातला. आधी देवगिरी एक्स्प्रेसची एक रात्र, मग समुद्र! चार पिढ्यांचा हा हिशेब अर्थातच माझ्या वहीत आला. मराठीच्या प्राध्यापकाला घरात दुसरे काम ते कोणते?

पूर्वीच्या कोकण बोटींचे बरे होते. डेकवर वळकटी पसरली, की झाला मुक्काम! 2021 साली मुंबईहून सुरू झालेल्या 'कॉर्डेलिया'च्या बोटीत मात्र खोल्या, दोघा-चौघांच्या. मुलांना खिडकी हवी, सासूबाईंना लिफ्टजवळची जागा, तेवढे जमले. अडले ते माझ्या दोघा थोरल्या बंधूंपाशी. शेताच्या वाटणीनंतर गेली नऊ वर्षे ते एका पंगतीस बसलेले नाहीत.

"त्या दोघांना माझ्याच खोलीत घाला," आई म्हणाली. "भर समुद्रातून उठून जातील कुठे?"

दादांनी फोनवर हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी विचारले,

"खोलीतल्या वरच्या पलंगावर कोण चढणार रे? दादाचे गुडघे दुखतात."