जुन्या लॅपटॉपचा बायोस बदलताना

संगणकाला वीज मिळताच प्रोसेसर जी पहिली सूचना वाचतो ती हार्ड डिस्कवर नसते, तर मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये असते. या चिपमधील प्रोग्रॅमला बायोस म्हणतात, आणि मेमरी वापरण्याजोगी करणे, कीबोर्ड, पडदा व डिस्क ओळखणे आणि मग विंडोज किंवा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीच्या हाती सूत्रे देणे ही त्याची कामे असतात. यंत्रातच वस्तीला असणाऱ्या अशा प्रोग्रॅमांना फर्मवेअर ही व्यापक संज्ञा आहे. मालक मेमरी वाढवू शकतो, डिस्क बदलू शकतो, कार्यप्रणाली हवी ती बसवू शकतो. फर्मवेअर मात्र निर्मात्याने दिले तसेच वर्षानुवर्षे राहते, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या येणे थांबले की धडधाकट यंत्रही कालबाह्य ठरवले जाते. प्रस्तुत लेखकाने पुण्यात थिंकपॅड एक्स२०० या जातीच्या काही जुन्या लॅपटॉपांवर मूळ बायोस काढून त्या जागी मुक्त फर्मवेअर बसवण्याचे काम केले असून, त्या कामात जे हाताशी आले त्याची मांडणी येथे केली आहे. तिचा भर चिपवर लिहिण्यापेक्षा त्याआधीच्या वाचनावर आहे, कारण या कामातले यशापयश बहुतांशी तेथेच ठरते.

आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीत बायोस अवघा ८ केबीचा होता आणि त्याचा संपूर्ण मजकूर कंपनीच्या तांत्रिक संदर्भपुस्तिकेत छापलेला होता, ही गोष्ट आज आवर्जून सांगावी लागते. तो मजकूर वाचता येत असला तरी कायद्याने त्याची नक्कल करता येत नव्हती. म्हणून कॉम्पॅक या कंपनीने आणि पुढे फीनिक्स या कंपनीने, मूळ मजकूर न पाहिलेल्या प्रोग्रॅमरांकडून, केवळ वर्णनाच्या आधारे, तेच काम करणारा नवा बायोस लिहवून घेतला आणि त्यातून सुसंगत पीसींचा मोठा उद्योग उभा राहिला. या उद्योगाने संगणक स्वस्त केला, पण ज्या बायोसवर तो उभा होता त्याचा मजकूर मात्र वाचकांच्या नजरेआड गेला. पुढील काळात या बंद पेटीची किंमत वापरणाऱ्यांनी वेळोवेळी मोजली. जुन्या बायोसची डिस्क मोजण्याची पद्धत १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढ्यावर अडत असल्याने सुमारे ५२८ एमबीच्या पुढची डिस्क त्याला दिसत नसे; ही मर्यादा ओलांडली गेली तेव्हा ८.४ जीबीची आली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही बायोस ३२ जीबीच्या पुढची डिस्क जोडताच जागच्या जागी थिजत. या सर्व अडचणींवर उपाय एकच होता, तो म्हणजे बायोसची नवी आवृत्ती. ती निर्मात्याने काढली तर यंत्र वाचे, नाही तर मालकाला नवे यंत्र घ्यावे लागे.

सुरुवातीच्या चिपा पुसण्यासाठी त्यांवर अतिनील किरण सोडावे लागत, आणि त्यासाठी त्यांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. नव्वदच्या दशकात विजेने पुसता व लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपा आल्या, तेव्हा फ्लॉपीवरून डॉस सुरू करून बायोस अद्ययावत करणे शक्य झाले. त्याचबरोबर तो बिघडवणेही शक्य झाले, हे २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने डिस्कांबरोबर अनेक मदरबोर्डांचे बायोस पुसून दाखवून दिले. लिहिणे चालू असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धा जुना आणि अर्धा नवा मजकूर राहतो आणि यंत्र सुरूच होत नाही. दुरुस्तीच्या बाजारात याला ‘बायोस उडाला’ म्हणतात. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसताना डेस्कटॉपचा बायोस अद्ययावत करणे हे धाडसच होते, आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा कारागिरांचा सल्ला त्या परिस्थितीत शहाणपणाचा होता. परंतु या सल्ल्यामागची भीती लिहिण्याच्या क्रियेची नव्हती, ती मूळ मजकुराची प्रत हाताशी नसल्याची होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्याच्याजवळ चिपची खात्रीची प्रत आणि ती बाहेरून लिहिण्याचे साधन आहे, त्याच्या लेखी उडालेला बायोस ही दुरुस्त करता येण्याजोगी बाब आहे.

बायोस अद्ययावत करणे आणि बायोस बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत निर्मात्याचीच नवी आवृत्ती घातली जाते, तर दुसरीत निर्मात्याचा प्रोग्रॅम पूर्णपणे काढून दुसऱ्यांनी लिहिलेला, मजकूर खुला असलेला प्रोग्रॅम बसवला जातो. अशा प्रकल्पांत कोअरबूट हा सर्वांत महत्त्वाचा. तो १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांच्या पुढाकाराने लिनक्सबायोस या नावाने सुरू झाला, कारण शेकडो संगणक एकत्र जोडून चालवताना प्रत्येकाला पडदा आणि कीबोर्ड लावून बायोसच्या प्रश्नांना उत्तरे देत बसणे अशक्य होते. त्याचे नाव २००८ मध्ये कोअरबूट झाले. कोअरबूट स्वतः केवळ मेमरी व मूलभूत भाग सज्ज करतो आणि पुढचे काम पेलोड नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. पेलोड म्हणून पारंपरिक बायोससारखा वागणारा सीबायोस घेता येतो किंवा थेट ग्रब हा बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, घेता येतो. कोअरबूटवर आधारलेले, सामान्य माणसाला तयार फाइल स्वरूपात मिळणारे लिब्रेबूट हे वितरण २०१३ च्या अखेरीस लीआ रो यांनी सुरू केले, आणि एक्स२०० हे त्याचे दीर्घकाळ आवडते यंत्र राहिले आहे.

एक्स२०० हा २००८ सालचा, कोअर २ ड्युओ प्रोसेसरचा, बारा इंची पडद्याचा लॅपटॉप. त्याचा मूळ बायोस स्वतःची चिप इतर प्रोग्रॅमांच्या लिखाणापासून कुलूपबंद ठेवतो, त्यामुळे पहिल्या वेळी चालू यंत्रातून नवे फर्मवेअर लिहिता येत नाही आणि यंत्र उघडावेच लागते. अ‍ॅडॉप्टर व बॅटरी काढून, तळाचे स्क्रू सोडवून, कीबोर्ड पुढे सरकवून उचलला आणि तळहात टेकण्याची पट्टी काढली की पातळ प्लास्टिकच्या आवरणाखाली ती चिप दिसते. ती ४ एमबीची असेल तर तिला आठ पाय असतात आणि ८ एमबीची असेल तर सोळा. कोपऱ्यातील बारीक खळगा पहिल्या पायाची खूण सांगतो, आणि तो नीट न पाहता वाचनासाठी लागणारी क्लिप उलटी लावली तर चिपला भलत्या जागी वीज मिळते. चिपवरील अक्षरे इतकी फिकट असतात की भिंग आणि तिरका उजेड यांशिवाय ती लागत नाहीत, पण ती वाचल्याखेरीज पुढे जाता येत नाही, कारण फ्लॅशरॉम हा वाचन-लेखनाचा प्रोग्रॅम मॅक्रोनिक्स या कंपनीच्या ८ एमबीच्या चिपसाठी एकाहून अधिक नावे समोर ठेवतो आणि नेमके कोणते ते माणसानेच सांगावे लागते.

बाहेरून वाचण्यासाठी चिपच्या पायांना चिमटीत धरणारी क्लिप आणि चिप वाचणारे-लिहिणारे प्रोग्रॅमर नावाचे उपकरण लागते. बाजारात सहज मिळणारा सीएच३४१ए जातीचा स्वस्त काळा प्रोग्रॅमर चिपला ३.३ व्होल्ट वीज देत असला तरी त्याच्या संदेशवाहक तारांवर ५ व्होल्ट असतात, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही; म्हणून ३.३ व्होल्टच्या चिपसाठी तो फेरफार न करता वापरू नये. प्रस्तुत लेखकाने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरला, कारण त्याच्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या आहेत. वीज, जमीन, निवड, घड्याळ, आत जाणारा संदेश आणि बाहेर येणारा संदेश अशा सहा तारा जोडणे आवश्यक असते, आणि त्या वीतभराहून लांब असू नयेत, कारण लांब तारांत संदेश विस्कटतो. सुटे जंपर तपकीर गल्लीसारख्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतात. क्लिपबाबत मात्र काटकसर करू नये. स्वस्त क्लिपचे दात सोळा पायांवर सारख्या दाबाने बसत नाहीत, आणि या कामातील बहुतेक वैताग तेथूनच येतो.

जोडणी झाली की लगेच लिहायला घेण्याचा मोह आवरावा लागतो. आधी चिपमधील मजकूर वाचून फाइलमध्ये उतरवावा, तसाच पुन्हा वाचून दुसऱ्या फाइलमध्ये उतरवावा, आणि तिसऱ्यांदाही. मग या फाइलींचे चेकसम, म्हणजे मजकुरातील एकही बिट बदलला तर पार बदलून जाणारी गणिती खूण, एकमेकांशी ताडून पाहावी. लेखकाच्या कामात एका यंत्रावर प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी वाचन यशस्वी झाल्याचे सांगितले, फाइलींचा आकारही बरोबर ८३,८८,६०८ बाइट होता, आणि तरीही खुणा जुळत नव्हत्या. क्लिप काढून, चिपचे पाय इथाइल अल्कोहोलने पुसून, ती पुन्हा बसवल्यावर आणि वाचनाचा वेग कमी केल्यावर त्या जुळल्या. यातून एक गोष्ट ठसते: प्रोग्रॅमचा ‘यशस्वी’ हा शेरा म्हणजे बरोबर वाचल्याची हमी नव्हे, सारखेपणा हाच पुरावा. सारखेपणातही एक फसगत असते. क्लिप टेकलीच नसेल तर सर्व फाइली एकाच बाइटने भरलेल्या आणि म्हणून अगदी सारख्या येऊ शकतात, त्यामुळे फाइल उघडून आत खरोखर मजकूर आहे हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक ठरते.

ही प्रत केवळ विम्यासारखी जपण्यासाठी नसते, ती पुढच्या पायरीतही लागते. एक्स२००ची चिप विभागांत वाटलेली असते. ४ केबीचा वर्णनविभाग चिपमध्ये काय कोठे आहे ते सांगतो, ८ केबीचा विभाग नेटवर्क केबलच्या जोडणीची माहिती ठेवतो, आणि उरलेल्या जागेत बायोस व इतर गोष्टी असतात. नेटवर्कच्या विभागातील पहिले सहा बाइट म्हणजे त्या यंत्राचा मॅक पत्ता, अर्थात जाळ्यात प्रत्येक यंत्राला वेगळे ओळखण्यासाठी दिलेला क्रमांक. तयार मिळणारे फर्मवेअर आहे तसे अनेक यंत्रांवर लिहिले तर सर्वांचा पत्ता एकच होतो, आणि एका खोलीत एकाच स्विचला जोडलेली अशी यंत्रे एकमेकांची जोडणी तोडत राहतात. म्हणून प्रत्येक यंत्राचा मूळ पत्ता त्याच्या प्रतीतून, किंवा तळावरील चिकटपट्टीवरून, उचलून नव्या फाइलमध्ये घालावा लागतो, आणि त्या विभागाच्या पडताळणीची बेरीजही जुळवावी लागते. हे काम लिब्रेबूटसोबतचे साधन करते, पण करायचे आहे हे माणसाने लक्षात ठेवावे लागते.

त्यानंतरचे लेखन शांतपणे पार पडते. फ्लॅशरॉम जुना मजकूर पुसतो, नवा लिहितो, पुन्हा वाचून ताडतो आणि शेवटी ‘व्हेरिफाइड’ हा शब्द उमटवतो. यंत्र जोडून सुरू केल्यावर निर्मात्याच्या चिन्हाऐवजी ग्रबची यादी दिसते. पहिल्या सुरुवातीस पडदा काळाच राहिला तर चिपला दोष देण्याआधी मेमरीच्या पट्ट्या तपासाव्यात, कारण या यंत्रासाठी कोअरबूटमध्ये लिहिलेला मेमरीचा भाग भिन्न बनावटीच्या पट्ट्यांबाबत मूळ बायोसइतका सहनशील नाही.

या बदलाने काय साधते, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यायला हवे. एक्स२००च्या पिढीतील इंटेल चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र छोटा प्रोसेसर असतो, जो मुख्य प्रोसेसरच्या पाठीमागे स्वतःचा बंद प्रोग्रॅम चालवतो. या पिढीत तो प्रोग्रॅम चिपमधून संपूर्ण काढून टाकता येतो, मात्र त्यानंतरच्या पिढ्यांत तो सापडला नाही तर यंत्र साधारण अर्ध्या तासात बंद पडते. आपल्या मालकीच्या यंत्रात काय चालले आहे ते ठरवण्याचा अधिकार मालकाचा असावा असे ज्यांना वाटते, त्यांना या जुन्या लॅपटॉपचे मोल येथे कळते. फर्मवेअर एकदा बदलले की पुढच्या आवृत्त्या यंत्र न उघडता, चालू लिनक्समधूनच लिहिता येतात. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रोसेसरच्या आतील सूचनांत दुरुस्ती करणारा मायक्रोकोड इंटेलच देऊ शकते, आणि २०१८ मध्ये स्पेक्टर ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर कोअर २ ड्युओच्या पेनरिन पिढीसाठी अशी दुरुस्ती देणार नसल्याचे तिने जाहीर केले. मुक्त फर्मवेअर ही उणीव भरून काढू शकत नाही. विंडोज या फर्मवेअरवर सुरळीत चालेल असे धरून चालता येत नाही. म्हणून हे यंत्र लेखन, वाचन, प्रोग्रॅमिंग शिकणे, ग्रंथालयातील सूची चालवणे अशा कामांसाठी उत्तम, पण बँकेच्या व्यवहारांसाठी त्याची शिफारस प्रस्तुत लेखक करणार नाही.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यानंतर घराघरांतील आणि शाळांतील पुष्कळ लॅपटॉप भंगाराच्या वाटेवर आहेत. त्यांपैकी फार थोड्या यंत्रांना कोअरबूट चालतो, म्हणून यंत्राचे नेमके नाव आणि मदरबोर्डची जात कोअरबूटच्या यादीत आहे का हे पाहिल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. ज्यांचे यंत्र त्या यादीत आहे, त्यांनी फर्मवेअर बदलायचे की नाही हे नंतर ठरवावे; पण चिपमधील मूळ मजकुराची, चेकसम जुळलेली प्रत आजच काढावी, त्या फाइलीला यंत्राचा अनुक्रमांक द्यावा आणि ती त्या यंत्राबाहेर, दोन ठिकाणी ठेवावी.